बोटभर तेल

मे महिन्यात नातू पुण्याहून सुट्टीला आला, तो बॅगेत पीनट बटरचा डबा घेऊनच. जिमला जातो. सकाळी पोळीला ते माखायचं, वर केळ्याचे काप टाकायचे, की झाला नाश्ता. डबा चौथ्या दिवशी संपला आणि स्वारी चपला घालून बाजारात निघाली, तेव्हा मी म्हटलं, "अरे, फल्लीदाण्याचंच ना ते? बस घरी. मी करून देते."

आमच्या वर्ध्याकडे भुईमुगाच्या शेंगेला फल्ली म्हणतात, आतल्या दाण्याला फल्लीदाणे आणि तेलाला फल्लीचं तेल. माझी सून साताऱ्याकडची. लग्नानंतरचे पहिले काही महिने तिला वाटायचं, सासूबाई दर महिन्याला बाजारातून फळी कशाला मागवतात?

किलोभर दाणे मंद आचेवर भाजले, चोळून सालं उडवली आणि मिक्सरला लावले. आधी कूट होतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा. तिथं थांबायचं नाही. पुढं त्याचा गोळा होतो, भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, मिक्सर कण्हायला लागतो. आता मोटर जळते असं वाटत असतानाच गोळा एकदम सैल पडतो. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. ते सुटलं की सगळं प्रकरण पिठल्यासारखं वाहायला लागतं. चिमूटभर मीठ घातलं, काचेच्या बरणीत भरलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर खाली घट्ट गोळा आणि वर बोटभर तेल.

"आजी, खराब झालं हे."

"खराब नाही झालं, वेगळं झालं. तळापासून हलव."

"दुकानातलं नाही होत असं."

खरंच होत नाही. का होत नाही हे मी त्याला ऐटीत समजावून सांगणार होते, पण त्याआधी मीच माती खाल्ली. फ्रिज आमरसाच्या डब्यांनी भरलेला, म्हणून बरणी फ्रिजच्या डोक्यावर ठेवली. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, फ्रिजच्या मागून गरम वाफ वर येते ती वेगळीच, आणि शेजारच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट काचेवर. अकराव्या दिवशी नातवानं बरणी उघडली आणि नाक मुरडलं. मी हुंगलं. ओल्या पुठ्ठ्याचा असतो तसा, थोडा नव्या रंगाच्या डब्यासारखा वास. खवट! तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर लिहून लिहून हात दुखले की तेलाला ऊब, उजेड आणि हवा या तिन्हींपासून जपा. आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात तिन्ही एकाच जागी जमवून दिले.

ढोबळ हिशेब असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खवट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. डिसेंबरातल्या पहाटेच्या पंधरा अंशांपासून मेच्या दुपारच्या पंचेचाळीसपर्यंत तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात 'उघडल्यावर दोन-तीन महिने' असं लिहिलेलं असतं ते वर्ध्याच्या उन्हाळ्याला विचारून लिहिलेलं नसतं.

तो वास मात्र माझ्या ओळखीचा होता. मी तेल्याच्या घरातली. देवळी तालुक्यातल्या आमच्या गावी आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, बैलघाणा होता. माझा जन्म 1952चा, घाणा थांबला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, त्यामुळे जे आठवतं ते लहान मुलीच्या उंचीवरून पाहिलेलं: जमिनीत पुरलेलं लाकडी उखळ, त्यात तिरपी उभी लाट, लाटेला जोडलेल्या आडव्या फळीवर दगड, त्या दगडाशेजारी बसलेली मी आणि डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरणारा बैल. लाकूड लाकडावर घासल्याचा कुंई-कुंई आवाज अख्ख्या आळीला जायचा. तो थांबला की शेजारची म्हातारी ओसरीवरूनच विचारायची, "काऊन वो, बैल बसला का?"

आमच्या भागात मुख्य तेल जवसाचं. फल्लीला काळी चिकट जमीन सोसत नाही, उपटताना निम्मी शेंग मातीतच राहते. म्हणून ती मुरमाड वावरात थोडीथोडकी. (आता तर ती वावरंही सोयाबीननं घेतली.) लोक आपापलं बी घेऊन यायचे. कोणी पायलीभर जवस, कोणी टोपलीभर फल्ली फोडून. आबाजी ते गाळून द्यायचे आणि मजुरीत काही पैसे, काही ढेप, म्हणजे पेंड. गाळताना उखळात पाण्याचा हात मारावा लागतो, नाहीतर ढेप बसत नाही. त्यामुळं निघालेलं तेल गढूळ असायचं. आजी ते दोन-तीन दिवस निवळायला ठेवी आणि वरचं वरचं ओतून घेई. तळाचा गाळ दिव्याला, नाहीतर गाडीच्या आसाला. पाणी आणि गाळ राहिला की तेल आधी बिघडतं हे तिला कोणत्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

आणि तेल साठवत कोणीच नव्हतं. ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आमच्या घरात, घाणा दारात असताना, तेलाची बरणी केवढी? दोन शेरांची. चिनी मातीची, वर पिवळट-तपकिरी, आत पांढरी. संपत आली की आजी म्हणायची, "उद्या आपलं घालजा." जवसाचं तेल तर रंगवाल्यांचं तेल. हवेशी त्याची एवढी सलगी, की पातळ थर दिला की वाळून कातडी धरतं. ते वर्षभर कोण ठेवणार? फल्लीचं त्या मानानं दमाचं, तरी उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या पुढं आजीला ते चालत नसे. पितळी भांड्यात तर ती तेल रात्रभरसुद्धा ठेवू देत नसे. 'कल्हई उडालीय' एवढंच कारण द्यायची. तांब्याचा अंश तेलाला खवटपणाकडं ढकलतो, लोखंडही ढकलतं पण त्याहून कमी, हे मी पुढं बी.एस्सी.ला शिकले. मग त्या चिनी मातीच्या बरणीकडं नव्यानं पाहिलं. धातू नाही, उजेड आत जात नाही, तोंड लहान, फडकं घट्ट.

तेल साठवायचं नाही, तर वर्षभर पुरवायचं कसं? साठवण होती ती बियांची. फल्ली टरफलासकट कणगीत. शेणानं सारवलेली बांबूची कणगी, तळाशी कडुनिंबाचा पाला. कणगीत भरण्याआधी आजी मूठभर शेंगा उचलून कानाशी हलवायची. आत दाणा खुळखुळला तर वाळली. मुका आवाज आला तर पुन्हा दोन दिवस उन्हात. फोडलेला दाणा टरफलातल्या दाण्याच्या आधी बिघडतो, भाजलेला कच्च्याच्या आधी, आणि कुटलेला सगळ्यांच्या आधी. कारण सोपं आहे, जितकं फोडाल तितकी हवा आत. लाल सालात कषाय द्रव्यं असतात, तीही तेलाची राखण करतात. टरफल आणि साल ही फल्लीची जन्मजात वेष्टनं, ती आपण काढून टाकतो आणि मग प्लास्टिकचा डबा शोधतो.

आमच्या गावापासून वर्धा शहर जवळ. तिथं मगनवाडीत 1930च्या दशकात याच गोष्टीवर खल चालला होता, हे आबाजींना कितपत माहीत होतं कोण जाणे. डिसेंबर 1934मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपला बगीचा दिला. गांधीजींचे पुतणे आणि साबरमतीचे खंदे कार्यकर्ते मगनलाल गांधी 1928 साली वारले होते, त्यांच्या नावानं ती मगनवाडी झाली. गांधीजी स्वतः 1935च्या सुरुवातीपासून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत तिथंच राहिले. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडं. लंडनमध्ये हिशेबनीस झालेला, न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकलेला हा तंजावरकडचा गृहस्थ इथं हातकागद, मधमाश्या, गूळ, साबण आणि तेलघाणी यांत बुडून गेला. घाणीचं खातं झवेरभाई पटेलांचं. त्यांनी ठिकठिकाणच्या घाण्या पाहिल्या, उखळाचा आकार, लाटेचा कोन, बैलावरचा ताण यांचा अभ्यास केला आणि सुधारलेली घाणी बसवली, तिलाच पुढं वर्धा घाणी म्हणायला लागले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. ते आजही आहे. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथं जायची, मुलं बाहेर चिंचेखाली डबे खायची आणि मी आत.

मगनवाडीचं म्हणणं थोडक्यात असं: गावात पिकलेलं बी गावातच गाळा, तेल ताजं खा, ढेप गावच्या गुरांना घाला. मिलवाला म्हणतो माझं तेल स्वच्छ, महिनोन्‌महिने टिकतं; पण बी गावातून जाणार, तेल पिप्यातून परत येणार, ढेप तर येणारच नाही. कुमारप्पांनी पुढं जबलपूरच्या तुरुंगात 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं, 1945 साली ते आलं. मला त्या नावाची गंमत वाटते. टिकाऊपणाचं अर्थशास्त्र सांगणाऱ्या माणसाला तेल मात्र न टिकणारं हवं होतं! पण त्यात विसंगती नाही. त्यांना गाव टिकायला हवं होतं, पिपा नव्हे.

मग घाणे बंद का पडले? शाळेत असताना मला वाटायचं, मिलमध्ये यंत्र आलं, बैल हरला. आबाजी असं कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "बी भेटत नाही." लहानपणी हे निमित्त वाटे. पुढं वाचनात आलं की 1939 साली 'हरिजन'मधून गांधीजींनी झवेरभाईंच्या पाहणीचा निष्कर्ष मांडला होता, आणि तो शब्दशः आबाजींचाच होता. सुगी झाली की व्यापारी खेड्यातलं सगळं बी उचलून नेतो. तेल्याजवळ ते त्या वेळी घेऊन ठेवायला पैसा नसतो, नंतर शहरातून चढ्या दरानं आणायला तर त्याहून नसतो. म्हणून घाणी नुसती उभी राहते. उपाय म्हणून सुचवलं होतं की बी जिथं पिकतं तिथंच साठवा आणि तेल्याला रास्त दरानं पुरवा.

हे वाचलं तेव्हा मी पन्नाशीची होते. आमच्या घरची रिकामी कणगी डोळ्यांपुढं आली. दिवाळीनंतर आठवडी बाजाराच्या दिवशी खटारे लागायचे आणि शेंगा, जवस, तीळ सगळं वजन करून रवाना व्हायचं. कास्तकाराला सावकाराचं देणं, तोही काय करणार? आबाजी खटाऱ्यांकडं बघत घाण्याच्या दाराशी बसलेले असायचे. होळीपर्यंत काम पुरायचं, मग बैल दुसऱ्याच्या वखराला. 1963 साली उखळाला उभी चीर गेली, नवं घडवायला लागणारं जुनं भक्कम लाकूडही मिळेना आणि पैसाही. त्यांनी लाट काढून भिंतीला टेकवून ठेवली. पुढची कित्येक वर्षं तिच्यावर घोंगड्या वाळत.

तोवर घराघरात पिपा आला होता. पंधरा किलोचा पत्र्याचा पिपा, तोंडाशी सूर्यफुलाचं किंवा मोराचं चित्र. पहिल्यांदाच घरातलं तेल महिनोन्‌महिन्यांचं झालं. आणि पिप्याच्याही आधी डालडा. तो 1937चा. वनस्पती म्हणजे दुसरं काय, तर बहुतेक फल्लीचंच तेल. निकेलच्या साक्षीनं त्यात हायड्रोजन मुरवला की तेलाच्या साखळीतल्या ज्या मोकळ्या जागांवर हवा हल्ला करते त्या बुजतात. तेल घट्ट होतं, पांढरं होतं आणि लवकर खवट होत नाही. गांधीजींचा त्याला कडवा विरोध, 1946 साली त्यांनी त्यावर लिहिलंही. तुपात वनस्पतीची भेसळ पकडता यावी म्हणून सरकारनं वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. शाळेत मी दिवाळीआधी हा प्रयोग हमखास घ्यायची. वितळलेलं तूप, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर, हलवून पाच मिनिटं ठेवायचं; तळ गुलाबी झाला की वर्गात कोणाच्या तरी आईची अब्रू गेलीच. एका वर्षी माझ्याच घरचं तूप गुलाबी झालं. विकणाऱ्याचं नाव सांगत नाही.

आणि इथं नातवाचा डबा परत येतो. अमेरिकेत पीनट बटर निघालं तेव्हा त्यालाही माझ्या बरणीसारखंच बोटभर तेल सुटायचं. दुकानदार ते पिंपात ठेवत, लाकडी फळीनं ढवळत आणि सुटं विकत. थोड्या दिवसांत खपलं नाही तर ते वास मारायला लागे. म्हणजे त्यांचंही आमच्या घाण्यासारखंच चाललं होतं, करा आणि खा. 1920च्या दशकात जोसेफ रोझफील्ड नावाच्या माणसानं त्यात थोडं हायड्रोजन मुरवलेलं तेल मिसळायची रीत काढली. तेल वर येईना, डबा महिनोन्‌महिने फळीवर राहू लागला, देशभर जाऊ लागला. त्याच्या आधीचं पीनट बटर गावचं होतं, नंतरचं कंपनीचं झालं. डालडा आणि हा डबा सख्खे भाऊ आहेत. मोठ्यानं आपल्याकडं तुपाची जागा मागितली म्हणून तो बदनाम झाला; धाकटा परदेशी इंग्रजी नावानं आला, त्याला जिमवाल्यांनी डोक्यावर घेतलं. निष्पक्षपणे सांगायचं तर आजच्या डब्यात घट्ट केलेल्या तेलाचं प्रमाण एक-दोन टक्केच असतं, काहींत त्याऐवजी पामतेल असतं. विष वगैरे म्हणायची गरज नाही. पण त्या गुळगुळीतपणाची किंमत काय ते कळलेलं बरं.

"पण आजी, पीनट बटर कार्व्हरनं शोधलं ना?" नातवानं विचारलं. हा दोष वीणाताई गवाणकरांचा नाही. अमेरिकेतल्या त्या शेतीशास्त्रज्ञाचं त्यांनी लिहिलेलं चरित्र, 'एक होता कार्व्हर', 1981 साली आलं तेव्हापासून आमच्या शाळेत बक्षीस म्हणून सर्वांत जास्त दिलं गेलेलं पुस्तक ते असेल, आणि मुलांच्या मनात फल्ली म्हटलं की कार्व्हर एवढं पक्कं बसलं की सगळे शोध त्याच्याच खात्यावर. पीनट बटरसारख्या लगद्याचं पेटंट 1884 साली मॉन्ट्रियलच्या एडसनचं. 1895मध्ये कॉर्नफ्लेक्सवाल्या डॉ. केलॉगनं दात नसलेल्या रुग्णांसाठी म्हणून अर्ज केला. कार्व्हरनं 1916 साली फल्लीच्या 105 पाककृतींची पुस्तिका काढली ती गरीब काळ्या शेतकऱ्यांसाठी, आणि तिच्यातला जीव निराळा आहे: पिकवा, घरीच करा, घरीच खा. गांधीजींचे मित्र दीनबंधू अँड्र्यूज 1929 साली टस्कीगीला त्याच्याकडं जाऊन राहिले आणि त्यांच्यामार्फत कार्व्हर आणि गांधीजी यांचा आहाराबद्दल पत्रव्यवहार झाला. अलाबामातला तो माणूस मगनवाडीत एक दिवस जरी येऊन बसला असता, तर झवेरभाईंशी त्याचं चांगलं जमलं असतं.

एवढं सांगून मी थांबले असते तर घाणीची आरती पुरी झाली असती. पण आजीच्या सुपाची गोष्ट राहिली.

दुपारी घाणा थांबला की ती ओसरीत सूप घेऊन बसायची. मांडीवर सूप, उजव्या हाताच्या दोन बोटांनी दाणे पुढं ढकलत जायचं, बोटं थांबायची नाहीत, नजरही नाही. तीन ढीग. टपोरे, गुलाबी, घट्ट सालाचे ते पेरायला. मध्यम ते खायला, कुटाला, चिक्कीला. आणि तिसरा ढीग: चिमलेले, फुटके, डाग पडलेले, सालावर राखाडी-हिरवट झाक आलेले, किडीनं भोक पाडलेले. मधूनच एखादा ती दातानं तोडून बघायची, थुंकायची, आणि त्या ढिगात टाकायची. तो तिसरा ढीग कुठं जायचा?

घाण्यात.

फेकायचं कसं, त्यातही तेल आहेच की! साऱ्या मुलुखाची रीत तीच होती, आणि मोठ्या कारखान्यांतसुद्धा निवडीतून बाहेर पडलेला दाणा गाळपाकडंच जातो. आजीला माहीत नव्हतं, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, की त्या हिरवट झाकेत काय असतं. 1960 साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता बोट गेलं ब्राझीलहून आलेल्या फल्लीच्या ढेपेकडं. ढेपेत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी, आणि तिनं सोडलेलं विष. बुरशीच्याच नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. यकृताचा वैरी. ऊब आणि दमट हवा मिळाली की ती बुरशी धरते, म्हणजे आमचा जुलै-ऑगस्ट. घरच्या भाजण्यानं ते पुरतं जात नाही. चिमलेल्या, फुटक्या, डागी दाण्यांतच ते मुख्यतः गोळा झालेलं असतं. गाळताना बरंचसं ढेपेत उतरतं, ढेप गाय खाते आणि थोडं दुधात उतरतं. उरलेलं तेलात राहतं. शुद्धीकरणाच्या कारखान्यात क्षार वापरून तेल धुतात तेव्हा ते निघून जातं, घाणीच्या तेलाला ती धुलाई नाही. हल्ली 'लाकडी घाण्याचं, शंभर टक्के शुद्ध' अशी पाटी दिसली की मी दुकानदाराला तेल कसं काढता हे विचारत नाही. दाणे कसे निवडता, ते विचारते. बहुतेक ठिकाणी तो माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघतो.

पीनट बटरमध्ये तर अख्खा दाणाच पोटात जातो. त्यात ना ढेप वेगळी होते, ना धुलाई. म्हणून बरणी कुठं ठेवायची हा दुसरा प्रश्न. आत काय घातलं, हा पहिला. पाणी इतकं कमी असतं की त्यात जंतू वाढत नाहीत हे खरं, पण आधीच शिरलेले मरतही नाहीत. अमेरिकेत 2008-09 मध्ये एका कारखान्यातल्या अस्वच्छतेमुळं साल्मोनेला थेट पीनट बटरमधून पसरला, सातशेवर माणसं आजारी पडली, नऊ दगावली, आणि मालकाला पुढं 28 वर्षांची कैद झाली. घरात एवढं होत नाही, घरातलं पाप म्हणजे ओला चमचा. एकदा बरणीत बुरशीचा ठिपका दिसला की वरचं काढून खालचं खायचं नसतं, सगळी बरणी जाते. आमच्या पिढीला हे पटत नाही. लोणच्याच्या बरणीवरून आम्ही शिकलो, वरची साय काढून टाकायची.

जूनमध्ये नातू जाईपर्यंत आम्ही दुसरी बरणी केली, पाव किलोचीच. सून म्हणाली, "आई, एवढ्याशासाठी मिक्सर खराब?" पण मी ऐकलं नाही. गच्च भरली, वर हवेला जागा ठेवली नाही, एकदा तळापासून नीट हलवून मग फ्रिजमध्ये. थंडीनं तेल घट्ट झालं की वर येत नाही, तेवढं काम हायड्रोजनशिवाय होतं. नातवानं त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहिली आणि खाली 'एक्सपायरी' लिहून पेन थांबवलं. "काय टाकू?"

मी जरा विचारात पडले. सुट्या मिठाईवरसुद्धा आता तारीख लावावी लागते, 1 ऑक्टोबर 2020 पासून. पण वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटाला आम्ही लहानपणी कधी तारीख विचारली नाही. दातानं तोडलं की कळायचं. आजीच्या बरणीवर तर काहीच लिहिलेलं नसायचं, संपली की संपली.

"महिना लिही," मी म्हटलं. "पण त्याआधी संपव."

जाताना त्याला बरणी दिली नाही. रेल्वेच्या डब्यात, जूनच्या उकाड्यात ती पुण्याला काय अवस्थेत पोहोचली असती? सेलू तालुक्यातल्या ओळखीच्या कास्तकाराकडून उन्हाळी फल्ली घेतली होती, त्यातली चार किलो टरफलासकट पिशवीत बांधून दिली. कापडी पिशवी, प्लास्टिक नाही. आणि कानाशी हलवून बघायला शिकवलं. सुपासाठी जागा नव्हती, तर म्हटलं ताटात निवड.

परवा रात्री साडेअकराला फोन टिंगटिंगला. फोटो होता. स्टीलचं ताट, त्यात फोडलेले दाणे, आणि एका कडेला वेगळे ठेवलेले सात-आठ. खाली विचारलं होतं, 'आजी, हे घ्यायचे की नाही?' मी चष्मा लावून फोटो मोठा केला. चार नुसते बारीक होते, चालले असते. दोन सुरकुतलेले. एकाच्या टोकाशी राखाडी झाक. आजी असती तर तिनं दातानं तोडून पाहिला असता.

मी लिहिलं, 'चावून बघू नको. ते सगळे फेक.'

लगेच उत्तर आलं, 'सगळे? अर्धे तर चांगले आहेत.'

'फेक,' मी लिहिलं आणि फोन उशाशी ठेवला.